सर्वांत धोक्याचं घर

घरमालक भाडं घेतो, यात सांगण्यासारखं काही नाही. आमचा घरमालक मात्र एक तारखेला अडीच रुपये भाडं घ्यायचा, ते नीट मोजायचा आणि तिथेच उभ्या-उभ्या त्यातले चार आणे काढून परत माझ्या हातावर ठेवायचा. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याची मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात आमच्या ह्यांनी घसा खाकरून कारण विचारलं. तेव्हा काका अगदी शांतपणे म्हणाले, "मास्तर, मागची भिंत तुमच्या बाजूला आहे. भूकंप झाला तर ती तुमच्या अंगावर पडणार. जोखीम तुम्ही घ्यायची आणि पूर्ण भाडं मी खायचं, हा कुठला न्याय?"

आता मला सांगा, नव्या बिऱ्हाडात येऊन जेमतेम तीन महिने झालेल्या बाईने हे ऐकून काय करावं? मी त्या दिवशी भाकऱ्या थापता थापता सारखी मान वळवून भिंतीकडे बघत होते. दोन भाकऱ्या करपल्या. ह्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या, कारण तेही भिंतीकडेच बघत होते.

गाव आमचं दिघीच्या खाडीच्या अलीकडचं. म्हसळ्याला जायचं तर बैलगाडीत अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि मुंबईला जायचं तर आगबोट. आमचे हे तिथल्या शाळेत दुय्यम मास्तर होते. आधी आम्ही देवळामागे एका खोलीत राहायचो, मग हे बिऱ्हाड मिळालं ते काकांच्या घरात, पुढचा भाग त्यांचा आणि मागचा आमचा. घर जांभ्या चिऱ्यांचं होतं, पण चिरे चुन्यात नव्हे, मातीत रचलेले. मागची भिंत थेट आढ्यापर्यंत चिऱ्यांचीच नेलेली, चांगली उंच, आणि मध्येच तिला पोटुश्या बाईसारखा फुगवटा आलेला.

काका म्हणजे साठीला टेकलेला, शिडशिडीत, सदा काळा कोट घातलेला माणूस. वैशाखात अंगाची लाही होत असतानासुद्धा धोतरावर तो कोट असायचाच, कारण पेन्सिल ठेवायला खिसा लागतो म्हणे. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, ती जोखीम मोजायला माझ्याकडे साधनं नव्हती. समोर आम्ही त्यांना काका म्हणायचो. गाव पाठीमागे भूकंपकाका म्हणायचं, आणि पुढे पुढे तोंडावरसुद्धा. त्यांनी कधी राग धरला नाही.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता, आणि तो ते कुणालाही, कशाबद्दलही विचारायचे. किती वेळा? आणि किती जोरात? म्हशीने लाथ मारली असं कुणी सांगत आलं की, किती वेळा, किती जोरात. शेजारीण गाऱ्हाणं घेऊन आली की सून भांडी आपटते, तर काकांनी पेन्सिल काढली आणि तिला बसवून घेतलं. आठवड्यातून किती वेळा, त्यात पितळेची किती, फुटणारी किती. शेवटी ती बाई वैतागून म्हणाली की सून तशी गरीब आहे, आणि निघून गेली. मला तर वाटतं, गावातली निम्मी भांडणं त्या पेन्सिलीला भिऊनच मिटली.

आम्ही बिऱ्हाडात राहायला आल्या आल्या त्यांनी काय केलं असेल तर फळीवरच्या माझ्या लोणच्याच्या बरण्या जमिनीवर उतरवायला लावल्या. देवळात कीर्तनाला ते खांबाला टेकून बसायचे नाहीत, दाराच्या चौकटीत बसायचे. एका लग्नात पंगतीच्या डोक्यावर मोठी काचेची हंडी टांगलेली होती. काकांनी ती दोरी बघितली, गाठ बघितली आणि ऐन वाढपाच्या वेळी अख्खी पंगत चार हात सरकवली. यजमान हात जोडत होता, भात निवत होता, आणि काका सगळ्यांना समजावत होते की हंडी पडेल असं मी म्हणत नाही, पण पडली तर खाली जावईबुवा आहेत.

कुणाला वाटेल माणूस भित्रा होता. मुळीच नाही. मुंबई सोडून गावात आले त्या पहिल्या वर्षी ते नारळाच्या वाडीतून जाताना डोक्यावर उपडी टोपली घ्यायचे. पोरं हसायची. वर्षभर कोणत्या माडाचे नारळ केव्हा पडतात, तेव्हा खाली कोण असतं, हे सगळं त्यांनी लिहून काढलं आणि एक दिवस टोपली फेकून दिली. म्हणाले, एवढ्याशा शक्यतेसाठी टोपलीचं वजन परवडत नाही. भित्र्या माणसाने टोपली सोडली नसती.

भूकंपाचं वेड मात्र त्यांना आधीपासूनचं नव्हतं. मुंबईला फोर्टात एका विमा कंपनीत ते कारकून होते. आगीच्या विम्याची कागदपत्रं त्यांच्याकडे असत. उत्तरेकडे मोठा भूकंप झाला, घरंच्या घरं बसली, आणि ज्यांनी विमा उतरवला होता त्यांचे अर्ज आले. पण कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की भूकंपाने झालेलं नुकसान वगळून. त्या सगळ्यांना नकाराची पत्रं लिहायचं काम काकांच्या टेबलावर आलं. लिहिली त्यांनी, एकासारखं एक. त्यातल्या एकाच माणसाचं उलट पत्र आलं. तोही कुठला तरी शाळामास्तर. शिव्या नाहीत, विनवण्या नाहीत. एवढंच विचारलं होतं, की भूकंपासाठी वेगळे किती पैसे भरावे लागले असते? मला कुणी सांगितलं असतं तर मी भरले असते.

काकांनी हा प्रश्न साहेबाला विचारला. साहेब म्हणाला, तो आकडा आपण काढत नाही, कारण कुणी मागत नाही. झालं. पंधरा दिवसांत काका नोकरी सोडून आगबोटीने गावी, वडिलांच्या जुन्या घरात आले, ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात घेऊन. पुढे मी ते पत्र पाहिलं. घड्यांवर विरून त्याच्या चार चिंध्या झाल्या होत्या.

तेव्हा आकडा काढायचा, या एकाच गोष्टीवर ते जगत होते. भूकंप किती वेळा होतो ते आधी ठरवायचं म्हणून त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारलं, तुमच्या आयुष्यात जमीन कधी हलली? एकाने सांगितलं, सासू राहायला आली तेव्हा. काकांनी तेही लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. जुनी देवळं पाहिली, मशिदीची भिंत पाहिली, कुठल्या वर्षी काय पडलं त्याच्या याद्या केल्या. मग एक चिनी मातीची बरणी घेऊन ती चिंचोक्यांनी भरली. त्यांतला एकच चिंचोका तांबडा रंगवलेला. ती बरणी ओटीवर असायची. कुणी विचारलं की काका समजावून सांगायचे, की दर वर्षी देव या बरणीत न बघता हात घालतो आणि एक चिंचोका काढतो. तांबडा आला तर त्या वर्षी भूकंप. मग तो चिंचोका परत बरणीत टाकतो, ढवळतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात घालतो. काल आला म्हणून उद्या येणार नाही असं नाही, आणि शंभर वर्षं आला नाही म्हणून आता येणारच असंही नाही.

गावाने याचा काय अर्थ घ्यावा? देवाचा हात म्हटल्यावर हा कौलच झाला ना. बायका हळदीकुंकू घेऊन यायला लागल्या. मुलीचं लग्न जमेल का, बोट सुखरूप येईल का, घाला बरणीत हात. काका डोकं धरून बसायचे. हा कौल नाही हो, ही गणती आहे, असं सांगून त्यांचा घसा बसला. पण बरणी त्यांनी आत नेली नाही, कारण माणूस येऊन हात घालतोय, म्हणजे कधी ना कधी त्याला समजेल अशी त्यांना आशा होती.

हे झालं किती वेळा. किती जोरात यासाठी त्यांच्याकडे पाच सोंगट्या होत्या. सुताराकडून कातून घेतलेल्या, उंची एकच, पण जाडी उतरत गेलेली. सर्वांत जाड तो थोरला साहेब, मग धाकटा साहेब, हेडक्लार्क, कारकून आणि सर्वांत काटकुळा तो शिपाई. त्या भिंतीच्या कोनाड्यात ओळीने उभ्या करायच्या आणि घर हलवायचं. घर जितकं ढिलं, तितक्या जास्त सोंगट्या पडायच्या. धक्का बसला की शिपाई आधी पडतो आणि थोरला साहेब शेवटी, हे मी कचेरीतच शिकलो, असं म्हणून काका स्वतःच हसायचे.

आता घर हलवायचं कशाने? तर उखळात भात कांडून. प्रत्येक घरी उखळ होतंच. पण प्रत्येक बाईचा हात वेगळा. कोळवाड्यातल्या म्हाताऱ्या सुईणीने मुसळ घातलं तर शेजारच्या घरातल्या सोंगट्या पडायच्या, आणि पेठेतल्या शेठच्या घरची मोलकरीण मुसळ जणू फुलं वाहतेय अशी घालायची. काका म्हणाले, माप एकच पाहिजे. आणि माझं मुसळ घड्याळाच्या ठोक्यासारखं एकसारखं पडतं असा त्यांनी शोध लावला. ह्यांची परवानगी काढली, आणि त्या चैत्रापासून मी घरोघर कांडत हिंडले. गावचा ठरलेला भूकंप म्हणजे मी. काका सोंगट्या मांडून दाराच्या चौकटीत उभे राहायचे आणि म्हणायचे, "हां सूनबाई, होऊ द्या भूकंप." फुकटात कांडून मिळतंय म्हटल्यावर गावातल्या बायकांनी दोन दोन मण भात काढून ठेवलं होतं, हेही सांगायला हवं. माझे दंड त्या उन्हाळ्यात असे झाले की बांगड्या वर सरकेनात.

हा सगळा खटाटोप चालला होता तो फंडासाठी. उत्तरेकडच्या बातम्या पेठेत पोचल्या होत्या. गावच्या पंचांनी ठरवलं, की दर वर्षी प्रत्येक घराने थोडे थोडे जमा करायचे, आणि कधी काळी भूकंप झालाच तर त्यातून पडलेली घरं उभी करायची. कुणी किती द्यायचे ते काकांनी सांगायचं. मेलं एक पंचांनी चुकीचं केलं. पैसे गोळा करायचे शिमग्याला, वर्गणीच्या सोबत, म्हणजे दोनदा फिरायला नको. आमच्याकडे शिमग्याची वर्गणी म्हणजे नुसती वर्गणी नाही. ज्याची वर्गणी मोठी, त्याच्या दारी देवीची पालखी आधी. पालखी आधी, म्हणजे मान मोठा.

काकांची यादी गणपतीच्या दिवसांत देवळात लागली. त्यात त्यांनी अगदी सरळ लिहिलं होतं, की सर्वांत धोक्याचं घर माझं, म्हणून सर्वांत जास्त रक्कम माझी. दुसरा नंबर पेठेतल्या शेठचा. नवा कोरा दुमजली इमला, पण चिरे मातीत रचलेले आणि वर कौलांचं ओझं. आणि सर्वांत शेवटी कोळवाडा. माडाच्या झापांची, काठ्यांना माती लिंपलेल्या कुडाची हलकी घरं. तिथे मी मुसळ घालून घालून घामाघूम झाले तरी शिपाईसुद्धा जागचा हलला नव्हता. त्यांना एक एक पैसा.

शेठ आधी भडकला, की माझ्या नव्या घराला धोक्याचं म्हणता? पण तासाभरात पेठेत चर्चा फिरली आणि सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, ज्याचं घर जास्त धोक्याचं त्याची वर्गणी मोठी, आणि पालखी आधी त्याच्याकडे. मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओटीवर रांग. कुणी सांगतोय, काका, आमची भिंत आतून पार पोकळ आहे, तुम्ही नीट बघितलं नाही. कुणी म्हणतोय, त्याच्या खांबाला वाळवी लागली म्हणता, पण आमच्या दोन खांबांना आहे. एकाने तर आपल्या घरची तुळई रातोरात करवतून ठेवली होती. तिचा भुसा काकांनी बोटांनी चोळून पाहिला आणि त्याला हाकलून दिलं.

कोळवाड्यातून ती म्हातारी सुईण आली. काका गावात यायच्या आधीचं माझं पहिलं बाळंतपण तिनेच केलं होतं. ओटीच्या पायरीवर उभी राहून ती काकांना म्हणाली, "माजे घराला एक पैसा? मंग माजे दारान पालखी कवा येल, समदे निजल्यावर?" काका म्हणाले, आजी, तुमचं घर गावातलं सर्वांत सुरक्षित घर आहे. त्यावर ती म्हणाली, "त्याचा मी काय करू? सुरक्षित घराला कोन इचारतंय?" एवढी गणितं केली आणि मान नावाचा रकाना काढायचा राहिला, असं काका पुढे चार दिवस पुटपुटत होते.

आता माझं सांगते. पहिलं बाळंतपण म्हटलं ना, ते मूल राहिलं नाही. सातव्या महिन्यातच झालं आणि गेलं. त्या उन्हाळ्यात मला पुन्हा दिवस गेले, आणि ते माझ्या नवऱ्याच्या आधी काकांना कळलं. शेठच्या घरी मुसळ उचललं आणि मला उमासे यायला लागले. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सोंगट्या गोळा करून पिशवीत टाकल्या आणि शेठच्या बायकोला म्हणाले, भूकंप आता रजेवर. राहिलेली दोन घरं त्यांनी अंदाजाने लिहिली आणि यादीत तसं नमूदही केलं. पुढच्या एक तारखेला मला चारऐवजी सहा आणे परत मिळाले. त्या खोलीत आता तीन जीव आहेत, म्हणाले.

माहेर माझं उरणचं. आई लहानपणीच गेलेली, वडील आणि भाऊ मिठागरावर, तिथे माझं बाळंतपण कोण काढणार? म्हणजे इथेच. आणि बाळंतिणीची खोली ती मागचीच, त्या फुगलेल्या भिंतीखालची, कारण घरात वारा न लागणारी दुसरी खोली नव्हती.

आश्विनात एका दुपारी काका पोस्टात गेले होते. मी ओटी झाडत होते. बरणीजवळ आले आणि मी हात घातला. का घातला ते मला आजही सांगता येणार नाही. मूठ उघडली तर तांबडा चिंचोका. काका आले तेव्हा मी तशीच केरसुणीशेजारी बसलेली होते. त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं आणि विचारलं, किती वेळा हात घातलात? एकदाच, मी म्हटलं. ते पायरीवर बसले आणि मला समजावायला लागले, की परत टाका तो, त्या चिंचोक्याला तुम्ही कोण ते माहीत नाही, उद्या कुणीही हात घातला तरी शक्यता तेवढीच.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "काका, गेल्या वेळी तुम्ही इथे असता तर तेव्हाही शक्यता कमीच आहे म्हणाला असता. पण माझं बाळ गेलंच ना? बरणीत बाकीचे चिंचोके किती आहेत ते घेऊन मी काय करू?"

काकांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला, जिथे ते पत्र असायचं. दुसऱ्या दिवसापासून ते दोरी घेऊन मागची भिंत मोजायला लागले. भिंतीचा वरचा भाग उतरवून तिथे हलका कूड घालायचा, खालचे चिरे चुन्यात पुन्हा बसवायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यांत ऐनाच्या लाकडाचे पट्टे आवळायचे. सगळं कागदावर तयार झालं. पण गवंडी, सुतार, चुना, लाकूड, एवढं आणायचं कुठून? त्यांची पुंजी बेताची, ह्यांचा पगार बेताचा. फंड शिमग्याला जमायचा होता, पण पंचांनी सुरुवातीला घातलेली थोडी रक्कम होती, आणि ती काकांच्याच ट्रंकेत होती. मी जाणते, त्या दिवसांत त्यांनी ट्रंकेची चावी आमच्या ह्यांच्याकडे ठेवायला दिली. मी विचारलं नाही का.

दिवाळी झाल्यावर शेठ आला. ओटीवर बसला, पान खाल्लं, आणि मुद्द्यावर आला. काकांच्या घराला दोन माणसं विचारत नाहीत, पालखी पहिली इथे येऊन उपयोग काय? तेव्हा एक आकडा इकडचा तिकडे करायचा. त्याबद्दल फंडाला तो वेगळे शंभर रुपये द्यायला तयार होता. "काका, पैला नंबर माझा करून टाका ने. तुमचं काय जातं?"

काका म्हणाले, आकडा माझा नाही, भिंतीचा आहे. शेठ म्हणाला, दीडशे. काका म्हणाले, त्यापेक्षा तेच पैसे घालून तुमचं घर पक्कं करा. यावर शेठ भयंकर दुखावला. म्हणजे आहे तो दुसरा नंबरही घालवू?

मी आतल्या दाराआड उभी होते. परक्या पुरुषासमोर बोलायची रीत नव्हती, आणि मी आजवर बोललेही नव्हते. पण पोटातलं लाथ मारत होतं. किती वेळा आणि किती जोरात, ते मला विचारा. मी दाराआडून म्हटलं, "काका, आपली मागची भिंत नीट झाली, तर आपला नंबर खाली जाईल ना?"

काकांनी पेन्सिल काढली. एवढ्या घाईच्या वेळीही त्यांनी तो हिशोब पहिल्यापासून मांडला, आणि मी दाराला धरून उभी. शेवटी ते म्हणाले, "जाईल. थेट सातवा."

"आणि पैला?" शेठने विचारलं.

"तुमचा."

शेठ पान चघळायचा थांबला. त्याला ते समजायला थोडा वेळ लागला, की रुपये त्याने द्यायचे, घर काकांचं पक्कं करायचं, म्हणजे गावातलं सर्वांत कच्चं घर त्याचं ठरणार. मग तो एवढा खूश झाला की त्याने स्वतः जाऊन म्हसळ्याहून गवंडी आणला. पुढचे पंधरा दिवस तो रोज येऊन उभा राहायचा आणि गवंड्याला दम भरायचा, कंजूषपणा करू नको, चुना घाल, मजबूत झाली पायजे. स्वतःचा इमला बांधताना त्याने एवढं लक्ष दिलं असतं तर काकांच्या यादीत त्याचं नाव वरती आलंच नसतं.

सुईणीचा प्रश्नही काकांनी सोडवला. पालखीला दुपारचा विसावा लागतो, आणि देवीला बसवायची तर गावातल्या सर्वांत सुरक्षित घरी बसवायला नको का, असं त्यांनी पंचांना अगदी आकड्यांनिशी पटवलं. त्या वर्षापासून पालखीचा विसावा कोळवाड्यात म्हातारीच्या अंगणात. ती मरेपर्यंत त्या दिवशी नवं लुगडं नेसून दारात बसायची.

मुलगा झाला माघाच्या अखेरीस, पूर्ण नऊ महिन्यांचा, त्याच मागच्या खोलीत. म्हातारीने त्याला उलटा धरून थोपटलं, तो रडला, आणि भिंतीपलीकडे काकांनी कुणाला तरी विचारलेलं मला ऐकू आलं, किती जोरात रडला?

शिमग्याला पालखी शेठकडे पहिली गेली आणि सातव्या नंबराला आमच्या दारी आली. बारसं होऊन गेलेलं, पण मी अजून बाळंतिणीच्या खोलीतच होते. बाहेर खालू बाजा कडाडायला लागला. वीस-पंचवीस गडी पालखी खांद्यावर घेऊन अंगणात नाचत होते, जमीन दणदणत होती. काका दारात आले, येऊ का म्हणाले, आणि आत आले. खिशातून पाच सोंगट्या काढून भिंतीच्या कोनाड्यात मांडल्या. आणि मग हा माणूस, ज्याला मी कधी कुठल्या भिंतीजवळ बसलेला पाहिला नव्हता, त्या भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसला. बाजा वाजत राहिला. शिपाई थरथरला, डुलला, पण उभा राहिला. काकांनी कोट काढला, घडी करून मांडीवर घेतला आणि बाळाला त्यावर ठेवायला सांगितलं.

भूकंप काही आला नाही. काका आणखी नऊ वर्षं जगले आणि तीन दिवसांच्या तापाने गेले, त्या तापाची शक्यता त्यांनी काढलेली नव्हती. शेठने एक वर्ष मान मिरवला आणि मग गुपचूप आपलंही घर आवळून घेतलं. मान मिळाला, आता मेलो तर उपयोग काय, म्हणाला. फंडातून पुढे शाळेच्या भिंती नीट केल्या. लोक म्हणायचे, इतकी वर्षं पैसे भरले आणि काही झालंच नाही, म्हणजे फुकट गेले. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. माझा मुलगा त्याच शाळेत शिकला.

पण मला सांगायचं होतं ते त्या शिमग्यानंतरच्या एक तारखेचं. तोवर, भिंत नवी झाली तरी तिची परीक्षा झालेली नाही म्हणून काका सहा आणे परत देतच होते. हे शाळेत गेले होते. काका भाडं घ्यायला दारात आले. मी अडीच रुपये दिले. त्यांनी मोजले, कोटाच्या खिशात टाकले आणि मी सवयीने हात पुढे केला.

"नाही सूनबाई," काका म्हणाले. "आता परत काही मिळणार नाही."

मी तो रिकामा हात तसाच पुढे धरून उभी राहिले आणि मला जो हुंदका आला तो थांबेना. हे दुपारी आले तेव्हाही माझे डोळे कोरडे झाले नव्हते. घाबरून विचारायला लागले, काय झालं, बाळ बरं आहे ना? मी म्हटलं, बाळ बरं आहे. काकांनी भाडं वाढवलं.

ते म्हणाले, मग रडतेस कशाला, मी बोलतो काकांशी. मी म्हटलं, अजिबात बोलायचं नाही.